परीक्षा प्रसूतिगृहातल्या सिस्टरची

नर्सिंगच्या परीक्षा जवळ आल्या की दवाखान्यात एक ठरलेली मागणी येते. आई मुलीला पुढे करते आणि म्हणते, "डॉक्टर, हिला लक्षात राहायचं काहीतरी टॉनिक लिहून द्या. वाचलेलं टिकतच नाही म्हणते." राजुरी, बेल्हे, आळेफाटा या आपल्या पट्ट्यातील अनेक घरांतल्या मुली आज एएनएम किंवा जीएनएम करीत आहेत. काही जणी नोकरीला लागून प्रसूतिगृहात रात्रपाळ्या करीत आहेत. त्यांच्या परीक्षेची घरच्यांना काळजी असते, पण ही परीक्षा नेमकी कशाची असते हे फारसे कोणाला ठाऊक नसते. म्हणून या आठवड्याचा लेख त्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे त्यांनीही तो जरूर वाचावा, कारण परीक्षेत जे विचारतात तेच उद्या त्यांच्या सुनेच्या खाटेपाशी करायचे असते.

टॉनिकचा विषय आधी संपवतो. स्मरणशक्ती वाढवणारे औषध अस्तित्वात नाही, जाहिराती काहीही म्हणोत. अशा मुलीला मी हिमोग्लोबिन तपासून यायला सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. त्यात नर्सिंगच्या विद्यार्थिनी नसतील असे मानायचे कारण नाही. वसतिगृहात सकाळी चहा-बिस्किटावर वॉर्ड गाठणाऱ्या मुलीचे डोके दुपारी अभ्यासात चालत नाही, यात तिच्या बुद्धीचा काय दोष? लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण आणि रात्रपाळीनंतर सलग झोप, इतके मिळाले तर वाचलेले बऱ्यापैकी टिकते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

आता परीक्षेकडे वळू. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि जीएनएमचा तीन वर्षांचा असतो. या दोन्हींची परीक्षा राज्याचे नर्सिंग व पॅरामेडिकल शिक्षण मंडळ घेते. चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. पुढे परिचर्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही. जीएनएम झालेल्या मुलीची नोंदणी नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी होते, आणि त्यातला दुसरा शब्द किती जबाबदारीचा आहे हे तिला पहिल्या रात्रपाळीतच कळते. या शिक्षणाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढे काही वर्षांतच ससून रुग्णालयाच्या साहाय्याने तेथील स्त्रिया परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. घरंदाज बाईने परक्या माणसाची सेवा करायची ही कल्पनाच तेव्हा लोकांना रुचत नव्हती. आज लग्नाच्या बायोडेटात 'जीएनएम' ठळक अक्षरांत लिहिलेले असते.

नोकरी लागली म्हणजे परीक्षा संपली असे नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये 'दक्षता' आणि डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू केला. 'लक्ष्य'मध्ये सरकारी रुग्णालयाची प्रसूतीची खोली आणि प्रसूतीचे ऑपरेशन थिएटर यांची बाहेरून आलेले परीक्षक तपासणी करतात. शंभरपैकी किमान सत्तर गुण मिळाले तरच प्रमाणपत्र मिळते. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या संघटनेची 'मान्यता' योजना आहे, तिच्यात सोळा निकष आहेत. नाव रुग्णालयाचे असले तरी परीक्षक प्रश्न विचारतात ते त्या वेळी पाळीवर असलेल्या सिस्टरला.

प्रश्न विचारण्याची पद्धतही बदलली आहे. पूर्वी तोंडी परीक्षेला बाई समोर बसत आणि "रक्तस्रावाची कारणे सांग" म्हणत. पाठ असले की मुलगी सुटायची. आता 'ऑस्की' नावाची प्रात्यक्षिक परीक्षा असते. एकेका टेबलावर एकेक काम मांडलेले असते. कुठे बाळाचा पुतळा, कुठे कोरा तक्ता, कुठे औषधांचा ट्रे. मुलीने ठराविक मिनिटांत ते काम करून दाखवायचे, आणि परीक्षकाने हातातील यादीवर पायरीपायरीने खूण करायची. पायरी केली तर गुण मिळतो, नुसती सांगितली तर पुष्कळदा मिळत नाही. त्यामुळे या परीक्षेची तयारी पुस्तक उशाला घेऊन होत नाही.

एक उदाहरण घेऊ. ऑक्सिटोसिन हे औषध गर्भपिशवी आकुंचित करते. मूल बाहेर आल्यावर, पोटात दुसरे मूल नाही याची खात्री करून, एका मिनिटाच्या आत सिस्टरने हे औषध दहा युनिट स्नायूत टोचावे, असा नियम आहे. कारण साधे आहे. पूर्ण दिवसांच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की त्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि पिशवी मुठीसारखी घट्ट आवळली गेली तरच त्या बंद होतात. ती सैल राहिली तर अंगावरून रक्त जाऊ लागते. उपचार मिळाले नाहीत तर धडधाकट बाई साधारण दोन तासांत दगावू शकते.

तेच इंजेक्शन मूल बाहेर येण्याआधी टोचले तर? पिशवी इतक्या जोराने आवळली जाते की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि प्रसंगी पिशवी फाटते. कुपी तीच, सुई तीच. फरक फक्त आधी आणि नंतरचा. म्हणून परीक्षेत "ऑक्सिटोसिनची मात्रा किती?" एवढेच विचारून भागत नाही, केव्हा आणि कशाची खात्री करून, तेही पाहिले जाते. मूल व्हायच्या आधी हे औषध देण्याची वेळ येते तेव्हा ते सलाइनमधून, थेंब मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणी द्यायचे असते.

इथे घरच्यांना दोन शब्द सांगायलाच हवेत. "सिस्टर, किती वेळ झाला, कळा वाढायचं एक इंजेक्शन द्या ना," असा आग्रह प्रसूतिगृहाच्या दारात रोज होतो. मागे एखादी अनुभवी आत्याबाई उभी असते आणि "आमच्या वेळी दिलं होतं" म्हणून साक्ष देते. अशा वेळी जी सिस्टर नाही म्हणते ती परीक्षेत उत्तीर्ण झालेली सिस्टर समजावी. आपला भाग दुधाचा. गोठ्यात म्हशीने पान्हा सोडावा म्हणून हेच औषध चोरून टोचण्याचे प्रकार देशात बरेच झाले आहेत, त्यामुळे त्याचे नाव लोकांना ओळखीचे वाटते. तो वापर बेकायदा आहे, आणि ओळखीचे नाव म्हणजे निरुपद्रवी औषध असे समजू नये. हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज गेल्यावर फ्रिज किती वेळ बंद होता याची नोंद सिस्टर का ठेवते, ते यावरून कळेल.

आता रक्त मोजण्याकडे येतो. परीक्षेत हमखास चुकणारा आणि प्रत्यक्षात सर्वांत महाग पडणारा हा भाग आहे. प्रसूतीनंतर पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले की तो धोका मानावा, हे प्रत्येक मुलीला पाठ असते. पण चादरीवर पसरलेले रक्त पाचशे आहे की तीनशे, हे नजरेला कळत नाही. नजर नेहमी कमीच सांगते. हे दाखवून दिले ते आपल्या शेजारच्या बेळगावने. तेथील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करताना बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायची, मापाच्या रेघा असलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरली. नजरेने केलेला अंदाज पिशवीतील मापापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला. त्याच बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १६२० बाळंतिणींवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. पाचशेवर रक्तस्राव होण्याचे प्रमाण बारा टक्क्यांवरून साडेसहाच्या खाली आले. हा अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. या सगळ्या प्रसूती कोणी केल्या, गोळ्या कोणी दिल्या, रक्त कोणी मोजले? पंचवीस एएनएमनी. आपण ज्यांना उपकेंद्रातल्या नर्सबाई म्हणतो त्यांनीच.

मोजमापाची ती पिशवी पुढे जगभर गेली. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका येथील ऐंशी रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी पिशवी वापरून रक्त मोजायचे आणि धोक्याची रेघ गाठताच चोळणे, औषधे, सलाइन, तपासणी हे सारे एकदम सुरू करायचे, अशी ती पद्धत होती. तिने गंभीर रक्तस्राव आणि त्यापायी होणाऱ्या शस्त्रक्रिया व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण साठ टक्क्यांनी कमी झाले. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणखी पुढचे पाऊल टाकले. नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर तीनशे मिलिलिटरलाच उपचार सुरू करावेत, असे तिने सांगितले. परीक्षेला बसणाऱ्या मुलींनी पाचशेबरोबर हा तीनशेचा आकडाही लक्षात ठेवावा.

याची तयारी घरी करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. दुधाचे अर्ध्या लिटरचे माप घ्यावे, त्यात बीट किसून लाल केलेले पाणी भरावे आणि ते एका जुन्या सुती लुगड्यावर ओतावे. डाग केवढा होतो तो नीट पाहावा. मग मैत्रिणीला आपल्याला न सांगता कधी दोनशे, कधी तीनशे, कधी सातशे ओतायला सांगावे आणि आपण अंदाज करावा. आठ-दहा वेळा केले की नजर ताळ्यावर येते. लुगडे मात्र आजीला विचारून घ्यावे.

पुढचा विषय पार्टोग्राफचा, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या तक्त्याचा. "सिस्टर नुसती कागद भरत बसलीय, पेशंटकडे बघत नाही," अशी तक्रार नातेवाइकांकडून ऐकू येते. तो कागद म्हणजेच पेशंटकडे बघणे असते. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे, ते ११० ते १६० मध्ये असावेत. दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली, ते लिहायचे. पिशवीचे तोंड किती उघडले ते साधारण चार तासांनी तपासून खूण करायची. तक्त्यावर दोन तिरक्या रेघा असतात. पहिली सावधानतेची, ती ताशी एक सेंटिमीटर या वेगाने चढते. दुसरी तिच्या उजवीकडे चार तासांवर, ती कृतीची.

समजा, बाई सकाळी दहाला आली आणि पिशवीचे तोंड चार सेंटिमीटर उघडलेले होते. दुपारी दोनला ते आठ असायला हवे. तपासल्यावर सहाच भरले, तर खूण पहिल्या रेघेच्या उजवीकडे जाते. मुली इथे लिहितात, "कृतीची रेघ ओलांडलेली नाही, वाट पाहावी." मोठ्या रुग्णालयात ते काही अंशी चालेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात याचे उत्तर 'पुढे पाठवण्याची व्यवस्था करावी' हे आहे. या रेघा फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ मध्ये त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, आखल्या. लांबच्या केंद्रांतील मिडवाइफनी अडलेली बाई शहरातील रुग्णालयात वेळेवर पाठवावी हा त्यामागचा हेतू होता, आणि दोन रेघांमधले चार तास त्या प्रवासासाठी ठेवलेले आहेत. आपल्याकडून नारायणगाव किंवा मंचर गाठणे फार कठीण नाही. पण पुण्यापर्यंत जायची वेळ आली तर शंभराच्या आसपास किलोमीटर आणि वाटेत चाकणची कोंडी! ते चार तास कशात जातील हे आपल्या भागातल्या मुलीला वेगळे समजावून सांगायला नको.

एक सूचना. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये नवा तक्ता आणला आहे आणि त्यात पाच सेंटिमीटरपासून मोजणी सुरू होते. आपल्या अभ्यासक्रमात आणि आपल्या लेबर रूममध्ये कोणता तक्ता चालतो, ते आपल्या बाईंना आधीच विचारून घ्यावे. दोन्हींची खिचडी केली की दोन्हीकडचे गुण जातात.

गणिताची भीती असलेल्या मुलींसाठी झटक्यांचे स्टेशन अवघड. रक्तदाब वाढून गरोदर बाईला झटके आले तर पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा द्यायची असते. ती दहा ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात खोलवर पाच-पाच. पन्नास टक्क्यांच्या दोन मिलिलिटरच्या कुपीत एक ग्रॅम औषध असते. म्हणजे एकूण दहा कुप्या फोडायच्या. समोर बाई झटके देते आहे, नवरा ओरडतो आहे, आणि दहा कुप्या! हे ज्या मुलीने आधी हाताने करून पाहिलेले नाही तिची पाचव्या कुपीला बोटे थरथरतात. रिकाम्या कुप्या आणि साधे पाणी घेऊन सराव करावा, कोणी तरी घड्याळ लावावे. पुढची मात्रा देण्याआधी श्वास मिनिटाला किमान सोळा, गुडघ्याचा झटका शाबूत आणि चार तासांत किमान शंभर मिलिलिटर लघवी, या तीन गोष्टी पाहायच्या. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये हवेच. या सर्व मात्रा नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी दिल्या आहेत, घरी कोणी प्रयोग करू नयेत, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

बाळाच्या स्टेशनवर सर्व खेळ पहिल्या मिनिटाचा. कोरडे करणे, ऊब देणे, मान किंचित मागे, गरज असेल तरच तोंड-नाक साफ करणे, पाठ चोळणे. तरीही श्वास सुरू नसेल तर पहिले मिनिट संपायच्या आत मास्क लावून पिशवीने श्वास द्यायचा. गती मिनिटाला चाळीस ते साठ. "दाब, दोन, तीन" असे तोंडाने मोजत राहिले की ती आपोआप साधते. चिंध्यांच्या बाहुलीवर मान ठेवण्याचा सराव होतो, खांद्याखाली घडी घातलेले फडके किती जाड हवे ते कळते. बाळाला पाय धरून उलटे टांगणे आणि चापट मारणे हे सिनेमातच ठेवावे.

सगळ्यांत दुर्लक्षित स्टेशन म्हणजे भरती करून घेतानाची विचारपूस. सुरक्षित प्रसूतीच्या यादीत चार थांबे आहेत: दाखल होताना, कळा द्यायच्या आधी, जन्मानंतर तासाभरात, आणि घरी सोडताना. पहिला थांबा मुली घाईत उरकतात. विघ्नहर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर दिवस भरलेल्या बायाही आपल्याकडे येतात. कार्ड गावाकडे राहिलेले असते, रक्तगट माहीत नसतो, आधीचे सिझेरियन झाले की नाही हे नवऱ्याला सांगता येत नाही. तिथे पोटावरचा व्रण पाहणे, मागच्या बाळंतपणात "अंगावरून फार गेलं होतं का" असे तिच्याच भाषेत विचारणे, यालाच गुण आहेत.

ज्यांच्या मुली-सुना परदेशात नर्स आहेत अशी घरेही आता आपल्याकडे आहेत. अमेरिकेत रुग्णालयातील प्रसूती-परिचर्येचे वेगळे प्रमाणपत्र मिळते. १९७५ साली स्थापन झालेली नॅशनल सर्टिफिकेशन कॉर्पोरेशन ही संस्था ते देते. तेथील नर्स म्हणून नोंदणी, त्या विभागातील दोन वर्षांचा आणि किमान दोन हजार तासांचा अनुभव, आणि मग संगणकावर तीन तासांत १७५ प्रश्न. आपल्याकडे त्याच्या जवळचा अभ्यासक्रम म्हणजे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुरू झालेला, अठरा महिन्यांचा मिडवाइफरीतील नर्स प्रॅक्टिशनरचा. लेबर रूममध्ये मन रमलेल्या मुलींनी त्याची चौकशी अवश्य करावी.

घरच्यांनी काय करावे, तेही सांगतो. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला सकाळी दहा वाजता पाहुण्यांपुढे चहा घेऊन उभी करू नये. परीक्षेच्या महिन्यात तिला दुपारी चार तास कोणी हाक मारू नये. नवऱ्याने रोज संध्याकाळी अर्धा तास पायऱ्यांची यादी हातात धरून परीक्षक व्हावे. त्याला काही कळत नसले तरी चालते, पायरी झाली की खूण करायची एवढेच काम आहे. पाचवी-सहावीतला मुलगाही ते आनंदाने करतो, आणि आईची चूक पकडायला मिळते म्हणून जास्तच चोख करतो.

परीक्षेच्या दिवशी नखे कापलेली असावीत. अंगठी, बांगड्या आणि मनगटावरचे घड्याळ घरीच ठेवावे, कारण स्टेशन कोणतेही असो, हात धुण्याला गुण असतात. साबणाने हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात. परीक्षेच्या घाईत मुली ते दहा सेकंदांत उरकतात. ठोके आणि श्वास मोजायला भिंतीवरचे घड्याळ पाहायची सवय आधीपासून करावी, आणि खोलीत शिरताच त्याचा सेकंदकाटा चालू आहे ना, ते पाहून घ्यावे.